गोळी स्वस्त करणारा रसायनतज्ज्ञ

उमरखेडच्या बाजारपेठेत महिनाअखेरीला एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहिले, तर एक व्यवहार पुन्हा पुन्हा पाहायला मिळतो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची चिठ्ठी घेऊन आलेले गिऱ्हाईक तीस गोळ्यांऐवजी दहाच मागते. दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो. उरलेल्या गोळ्या कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर घ्यायच्या, असा हिशेब असतो. तोवर गोळी एक दिवसाआड घ्यायची, हेही न बोलता ठरून गेलेले असते.

यातल्या बहुतेकांच्या घरी आरोग्य योजनेचे कार्ड असते. पैनगंगेच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात, राज्य सरकारची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यातच आली. अलीकडच्या तीरावरच्या यवतमाळ जिल्ह्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. आज तीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देते. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. हृदयाची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. हृदय बिघडू नये म्हणून रोज सकाळी घ्यायची गोळी मात्र खिशातून घ्यावी लागते.

औषधाला विमा नाही, ही अडचण एकट्या उमरखेडची नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातही ती आहे, आणि तिथे तिच्यावर निघालेला उपाय म्हणजे सवलतीचे कार्ड. अमेरिकेत ज्यांच्याकडे औषधांचा विमा नाही, असे लोक ही कार्डे बाळगतात. ते कार्ड म्हणजे विमा नव्हे. कार्ड देणारी कंपनी औषध दुकानांच्या साखळ्यांशी आणि मधल्या दलाल संस्थांशी दर आधी ठरवून ठेवते. गिऱ्हाईकाने कार्ड दाखवले की छापील भावाऐवजी तो ठरलेला दर लागतो आणि कार्डवाल्यांना विक्रीमागे थोडे शुल्क मिळते. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी योजनेनेही २००३ च्या कायद्यानुसार अशी मान्यताप्राप्त कार्डे काढली. त्यांचे शुल्क वर्षाला जास्तीत जास्त ३० डॉलर होते आणि फार कमी उत्पन्न असलेल्यांना वर्षाला ६०० डॉलरची मदत त्यावर मिळे. १ जानेवारी २००६ पासून ज्येष्ठांसाठी औषधांचा विमा सुरू झाला आणि मेडिकेअरच्या त्या कार्डांचे काम संपले. खासगी कार्डे मात्र अजूनही चालू आहेत.

कार्डाने छापील किंमत थोडी खाली येते. पण ती मुळात एवढी वर का गेली, हा प्रश्न कार्ड विचारत नाही. भारतात हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर कायद्यात शोधले गेले. ते विचारणाऱ्यांमध्ये मुंबईत राहून औषधे बनवणारा एक रसायनतज्ज्ञ होता. त्याचे नाव डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. औषधांच्या धंद्यात तो 'सिप्ला'चा संस्थापक म्हणून ओळखला जातो.

हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. घराणे शिक्षणाला महत्त्व देणारे होते; सर सय्यद अहमद यांच्या अलीगढच्या चळवळीशी नातेवाइकांचा जवळचा संबंध होता. इटावा, आग्रा आणि अलाहाबाद अशा टप्प्यांनी त्यांचे शिक्षण झाले आणि रसायनशास्त्र हा त्यांचा विषय ठरला. ते विशीत असताना गांधीजींनी असहकाराची हाक दिली. हमीद सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडले. अलीगढला त्याच सुमारास जामिया मिलिया ही राष्ट्रीय शाळा उभी राहत होती. पुढे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन तिच्या उभारणीत होते. हमीदही त्या कामात शिरले. परकीय सत्तेकडे मागण्यापेक्षा आपले आपण उभे करावे, ही त्या पिढीची शिकवण त्यांनी तिथे घेतली. ती पुढे प्रयोगशाळेतही त्यांच्याबरोबर राहिली.

रसायनशास्त्र पुढे शिकायचे तर परदेशी जाणे भाग होते. त्या काळचा सरळ रस्ता इंग्लंडचा. हमीद जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. निवड अचूक होती, कारण औषधांची रसायनविद्या तेव्हा जर्मनांच्या हातात होती. ॲस्पिरिन तिथूनच जगभर गेली होती आणि उपदंशावरचे पहिले परिणामकारक रासायनिक औषध तिथेच तयार झाले होते.

जर्मनीत आणखी एक गोष्ट वेगळी होती. तिथल्या कायद्यात औषध या वस्तूवर पेटंट मिळत नसे. ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे भारतातल्या कोट्यवधी रुग्णांच्या खर्चाचा हिशेब त्यावरच ठरला. स्वयंपाकघरातले उदाहरण घेतले, तर तो लगेच कळेल. समजा, एखाद्याने पुरणपोळीवरच हक्क मिळवला. मग दुसऱ्या कुणालाही, कोणत्याही रीतीने, पुरणपोळी करता येणार नाही. पण त्याला हक्क फक्त स्वतःच्या कृतीवर मिळाला असेल, तर शेजारीण डाळ वेगळ्या रीतीने शिजवून, कणकेऐवजी मैदा घेऊन, तीच पुरणपोळी करून विकू शकते. मग दोघींच्या पोळ्या बाजारात आल्या की भाव आपोआप खाली येतो. रसायनशास्त्रातही तसेच आहे. एकाच रेणूपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक असतात. वेदना आणि ताप यांवरची आयब्युप्रोफेन ही गोळी मूळ इंग्रजी कंपनी सहा पायऱ्यांनी बनवत असे; पुढे इतरांनी ती तीन पायऱ्यांत बनवून दाखवली. पोटात जाणारा रेणू दोन्हींतला एकच.

बर्लिनमध्येच हमीद यांची ओळख लुबा डर्झान्स्का या तरुणीशी झाली. ती लिथुआनियातल्या व्हिल्नियसची, ज्यू घरातली आणि विचारांनी साम्यवादी. १९२८ मध्ये दोघांचे लग्न झाले. थोड्याच वर्षांत जर्मनीवर नाझी सत्ता आली आणि ज्यूंना तिथे राहणे अशक्य झाले. तोवर या दांपत्याचा संसार मुंबईकडे वळला होता.

१७ ऑगस्ट १९३५ रोजी हमीद यांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ही कंपनी नोंदवली. या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतूनच 'सिप्ला' हा शब्द तयार झाला. अधिकृत भांडवल ६ लाख रुपये आणि जागा मुंबई सेंट्रलचा एक भाड्याचा बंगला. स्वतःजवळची पेटंटे आणि औषधांची सूत्रे हमीद यांनी मानधन न घेता कंपनीला देऊन टाकली. पहिली औषधे १९३७ मध्ये बाजारात आली. देशातले डॉक्टर तेव्हा इंग्रजी आणि जर्मन कंपन्यांची औषधे लिहीत. देशी कारखान्यात बनलेले औषधही तितकेच खरे असू शकते, हे पटवून देण्यातच सुरुवातीची बरीच शक्ती गेली. आज जेनेरिक औषधाबद्दल जी शंका घेतली जाते, तीच तेव्हा देशी औषधाबद्दल घेतली जाई.

सिप्ला ज्या वर्षी स्थापन झाली, त्याच वर्षी युरोपात एक घटना घडली. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ट डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगाच्या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. जंतुसंसर्गाने मरणारी माणसे त्याने वाचू लागली आणि मूळ कंपनीला मोठा नफा दिसू लागला. पण काही महिन्यांतच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, काम लाल रंग करत नाही. शरीरात प्रोन्टोसिल फुटून त्यातून सल्फानिलामाइड हा साधा पदार्थ सुटतो आणि तोच जंतूंना रोखतो. सल्फानिलामाइड तर १९०८ पासून माहीत होते. त्यावर कुणाचीही मक्तेदारी उरली नव्हती. फ्रान्समध्ये औषधांवर पेटंट मिळतच नसे. बघता बघता अनेक कारखाने ते बनवू लागले आणि जीव वाचवणारी गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. औषध एकाच्याच हातात असले तर काय होते आणि ते अनेकांना बनवता आले तर काय होते, याचा तो धडाच होता.

४ जुलै १९३९ रोजी गांधीजी सिप्लाच्या कारखान्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी औषधांची जहाजे येणे दुरापास्त झाले. वऱ्हाडातल्या, पैनगंगेच्या काठच्या गावांना याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. हिवताप हा त्या काळचा नेहमीचा पाहुणा आणि क्विनीन हे त्यावरचे औषध. गरिबांना परवडावे म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या काही प्रांतांत टपाल कार्यालयांतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकली जाई. औषध दुकानापर्यंत न पोहोचणाऱ्यांसाठी काढलेली ती एक सवलत योजनाच म्हणायची. पण १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले. जगातल्या क्विनीनचा बहुतांश पुरवठा तिथल्या सिंकोना मळ्यांतून होत असल्याने तो एका फटक्यात तुटला. सवलत असली तरी माल नसेल, तर पुडीत काय भरणार?

या वर्षांत सिप्लाने आपला कारखाना युद्धकाळात लागणाऱ्या औषधांच्या आणि रसायनांच्या कामाला जुंपला. औषधात देश परावलंबी असेल तर संकटात त्याला कुणीही विचारत नाही, हे हमीद यांनी कारखान्याच्या हिशेबवहीत पाहिले होते. कारखान्यापुरता विचार करून ते थांबले नाहीत. देशात औद्योगिक संशोधनाची मध्यवर्ती व्यवस्था असावी, असा आराखडा त्यांनी सरकारपुढे मांडला. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, तिच्यामागच्या विचारमंथनात या आराखड्याचा वाटा होता. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच परिषदेची. पुढे औषधे बनवण्याच्या नव्या वाटा शोधण्यात परिषदेच्या प्रयोगशाळा देशी कारखान्यांच्या उपयोगी पडल्या.

सार्वजनिक जीवनातही हमीद होते. १९३७ पासून ते अनेक वर्षे मुंबईच्या विधान परिषदेचे सदस्य होते. फाळणीला त्यांचा विरोध होता. देश दुभंगला तेव्हा ते आणि त्यांचे कुटुंब मुंबईतच राहिले.

स्वातंत्र्य मिळाले, पण औषधांची स्थिती फारशी बदलली नाही. सरकारने पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन केली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांच्यासारखी माणसे सरकारी कारखान्यांचा आग्रह धरत होती. नव्या औषधांच्या बाबतीत मात्र हात बांधलेले होते. देशात अजून १९११ चा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता. त्यात औषधाच्या वस्तूवरच हक्क मिळे. म्हणजे नवा रेणू ज्या कंपनीचा, तिच्या परवानगीशिवाय तो भारतात कुणीही, कोणत्याही पद्धतीने बनवू शकत नसे. अनेकदा हक्क घेणारी कंपनीही इथे कारखाना काढत नसे. तयार माल आणून आपल्याला हव्या त्या भावाने विकत असे.

न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये या कायद्याचा हिशेब मांडला. भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशी लोकांची होती आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर भारतात काहीच बनत नव्हते. समितीने औषधांसाठी वस्तूवरचा हक्क बंद करून फक्त पद्धतीवरचा हक्क ठेवावा, असे सुचवले. त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर एस्टेस कीफॉवर यांची समिती औषध कंपन्यांच्या नफेखोरीची चौकशी करत होती. काही औषधांच्या किमती ज्या देशांत सर्वांत जास्त आहेत, त्यांत भारत मोडतो, असे त्या चौकशीत पुढे आले. ज्या देशात माणसाची मिळकत सर्वांत कमी, तिथे गोळी सर्वांत महाग.

हमीद यांच्या पुढच्या दशकाचा मोठा भाग या प्रश्नाने व्यापला. १९६० मध्ये त्यांचा मुलगा युसूफ केंब्रिजहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन सिप्लात आला. १९६१ मध्ये देशी औषध उत्पादकांनी आपली संघटना उभारली. भारतीय कारखान्यांची बाजू सरकारपुढे मांडणाऱ्यांत हमीद पिता-पुत्र आघाडीवर होते. विरोधात बलाढ्य परदेशी कंपन्या होत्या आणि त्यांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता. नवे औषध शोधायला वर्षे आणि अमाप पैसा लागतो. त्याची नक्कल लगेच करता आली, तर शोध कोण लावेल, असे त्यांचे म्हणणे होते. यावर देशी उत्पादकांची बाजू अशी होती की, शोधाचा मोबदला द्यायला हरकत नाही, पण ज्याला औषध हवे आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचूच नये, इतकी त्या मोबदल्याची भिंत उंच नको.

विधेयक १९६५ मध्ये आले आणि मंजूर न होताच व्यपगत झाले. १९६७ मध्ये ते पुन्हा आले, संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले आणि अखेर १९७० मध्ये मंजूर झाले. नव्या पेटंट कायद्याने अन्न आणि औषध या दोन गोष्टींना वेगळे काढले. त्यांवर वस्तूचा हक्क मिळणार नव्हता. फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तोही जास्तीत जास्त ७ वर्षे. इतर शोधांना १४ वर्षे होती. त्याच वर्षी सरकारने औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारा आदेशही काढला.

नवा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. डॉ. हमीद यांचे निधन २३ जून १९७२ रोजी झाले. ज्या बदलासाठी शेवटची दहा-बारा वर्षे गेली, तो अमलात आलेला त्यांनी जेमतेम दोन महिने पाहिला. त्याची फळे पुढच्या पिढीने चाखली.

ती फळे कशी, हे उमरखेडच्या त्याच काउंटरवर पाहता येते. रक्तदाबासाठी सर्रास लिहून दिली जाणारी अमलोडिपिन ही गोळी एका अमेरिकन कंपनीचा शोध. खुद्द अमेरिकेत दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तिची स्वस्त आवृत्ती २००७ मध्ये आली. भारतात ती त्याच्या दहाहून अधिक वर्षे आधी मिळू लागली होती, कारण इथे दुसऱ्या वाटेने ती बनवायला कायद्याची आडकाठी नव्हती. अनेक कारखाने ती करू लागले आणि आज एक गोळी दोन-तीन रुपयांच्या आसपास मिळते. तिथल्या विमा नसलेल्या माणसाने त्या वर्षांत सवलतीचे कार्ड दाखवूनही एवढ्या भावाने ती मिळण्याची शक्यता नव्हती. उमरखेडच्या माणसाला ती कोणतेही कार्ड न दाखवता मिळत होती.

याचा परिणाम देशाबाहेरही झाला. एड्सवरच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला तेव्हा वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये युसूफ हमीद यांच्या सिप्लाने तोच उपचार स्वयंसेवी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दराने, देऊ केला. आफ्रिकेत एड्सवर उपचार करणे शक्य आहे, हे जगाला तिथून पटू लागले.

सिप्ला ही धर्मादाय संस्था नव्हती आणि डॉ. हमीदही साधुसंत नव्हते. ते कारखानदार होते आणि कायदा बदलल्याने त्यांच्या धंद्याचाही फायदाच झाला. पण इथे त्यांचा फायदा आणि रुग्णाचा फायदा एकाच दिशेने गेला. दुसरे असे की, कायद्याने स्पर्धा आणली तरी प्रत्येक गोळी आपोआप स्वस्त झाली नाही. एकच रेणू वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी विकला जातो आणि त्यांच्या किमतींत काही पटींचा फरक असतो. महागडे नाव लिहून घेण्यासाठी कंपन्या डॉक्टरांच्या दारात रांगा लावतात. दर्जा न तपासता विकला जाणारा मालही अधूनमधून सापडतो. स्वस्त आणि खात्रीचे, ही दोन्ही विशेषणे एकाच औषधाला लागावीत यासाठी कडक तपासणीची गरज अजून संपलेली नाही.

मुळात तो कायदाही आता जसाच्या तसा उरलेला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताला १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पुन्हा वस्तूचा हक्क द्यावा लागला. त्यानंतर शोधलेल्या नव्या औषधांना दुसरी वाट बंद झाली. जुन्याच रेणूत किरकोळ बदल करून नवा हक्क मागता येऊ नये, एवढी एक खुंटी कायद्यात राहिली. तिची कसोटी रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाने लागली. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. मूळ कंपनी काही रुग्णांना मदत कार्यक्रमातून ते मोफतही देत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळी बाजारात राहिली.

या प्रकरणात एक गोष्ट उघड झाली. ज्या औषधाचा विक्रेता एकच, तिथे सवलत योजना, मदत कार्यक्रम आणि कार्डे अवतरतात. ती घेऊ नयेत असे नाही. कर्करोगाच्या रुग्णाला त्यातूनच औषध मिळत असेल तर ते घ्यावेच. पण त्या सवलतीला कुणाला पात्र ठरवायचे आणि ती किती दिवस चालू ठेवायची, हे देणारा ठरवतो. दहा कारखाने एक गोळी बनवत असतात तेव्हा रुग्णाला कुणाकडे अर्ज करावा लागत नाही.

उमरखेडच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला आज काय करता येईल? सरकारी दवाखान्यांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होते आणि त्यांच्या मूलभूत गोळ्या मोफत दिल्या जातात. महिन्याच्या गोळ्यांसाठी आधी तिथे विचारावे. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांत ब्रँडच्या तुलनेत ५० ते ८० टक्के कमी दराने गोळ्या मिळतात, असे सरकार सांगते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर नियमानुसार औषध विक्रेत्याला परस्पर दुसरे औषध देता येत नाही. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्या, असे डॉक्टरांनाच सांगावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नावही छापलेले असते. मूळ नाव, मात्रा आणि प्रकार तोच असेल, तर गोळी तीच. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरात सावकाश विरघळणाऱ्या असतात. ती खूण नावापुढच्या अक्षरांत असते आणि ती जुळलीच पाहिजे. फिटच्या आणि थायरॉइडच्या औषधांचा ब्रँड बदलायचा असेल, तर डॉक्टरांना विचारूनच बदलावा. स्ट्रिप कापून घेतली, तर मुदतीची तारीख आपल्या तुकड्यावर आहे का, तेवढे पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोळी एक दिवसाआड घेऊ नये. रक्तदाबाची गोळी आज घेतली आणि उद्या घेतली नाही, तर उद्या रक्तदाब पुन्हा चढतो. तो चढल्याचे डोके दुखूनच कळेल असे नाही. पैसे वाचवायचे तर दिवस गाळून वाचवू नयेत, त्याच औषधाची स्वस्त गोळी शोधून वाचवावेत. ती शोधता येते, कारण ती बनवणारे आज अनेक आहेत. ते अनेक असावेत यासाठी मुंबई सेंट्रलच्या एका भाड्याच्या बंगल्यातून धंदा सुरू करणाऱ्या रसायनतज्ज्ञाने आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली होती.